दाराची कडी

मंडळी, आजच्या पाठात राजाची गोष्ट नाही. आज दाराची गोष्ट आहे. तुमच्याच घराच्या दाराची.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे हलू लागतात. ट्रॅक्टर भरतात, बैलगाड्या भरतात. भांडी, पीठ, अंथरुणे, कोंबड्या, पोरे, सगळे गाडीत चढते. माणसे ऊस तोडायला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कोणी कर्नाटकात. मग पाच-सहा महिने घराला कुलूप. गल्लीत एकाआड एक दार बंद. मागे राहतात म्हातारी माणसे आणि कुत्री.

अशाच एका गावी रात्रीच्या वर्गात एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, आमची गाडी परवा निघणार. नवं कुलूप आणलंय, चांगलं अडीचशे रुपयांचं. आता घराची काळजी नाही."

मागे सुतारदादा बसले होते. ते हसले.

"वहिनी, कुलूप अडीचशेचं. पण ते अडकवलंय कशात? कोयंडा केवढ्याचा?"

बाई गप्प झाल्या. कोयंड्याची किंमत कोणी विचारली नव्हती.

सुतारदादांचे म्हणणे नीट समजून घ्या. चोर कुलपाशी खेळत बसत नाही. त्याला वेळ कुठे आहे? तो कडीत पहार घालतो आणि हिसका देतो. कुलूप तसेच लटकत राहते. चौकटीतून कोयंडाच निघून येतो. का? तर तो दोन लहान स्क्रूंवर बसवलेला असतो आणि चौकट वाळवीने आतून पोकळ झालेली असते.

आपले वाडवडील या बाबतीत शहाणे होते. जुन्या वाड्याच्या दारामागे अडसर असे. अडसर म्हणजे सागाचा जाड वासा. एका बाजूच्या भिंतीत त्याच्यासाठी खोल खोबण असे. दिवसा वासा त्या खोबणीत सरकवून ठेवायचा. रात्री तो ओढून दाराआड आणायचा आणि त्याचे टोक समोरच्या भिंतीतल्या भोकात घालायचे. बाहेरून कोणी दार ढकलले तर सगळा जोर भिंतीवर पडे. दार फुटले तरी वासा आडवा राही. मोठ्या दारात एक छोटे दार असे. त्याला दिंडी म्हणतात. रात्री मोठे दार बंद आणि ये-जा दिंडीतून. दिंडीतून येणाऱ्याला वाकावे लागते आणि पाय उचलावा लागतो. वाकलेला माणूस एकदम अंगावर धावून येऊ शकत नाही.

गरिबाच्या घराला सागाचा अडसर नव्हता. त्याच्या भिंती मातीच्या. चोर दाराकडे जातच नसे. तो मागची भिंत पोखरी, माणूस शिरेल एवढे भगदाड पाडी आणि आत येई. घरफोडी हा शब्द उगाच आलेला नाही. म्हणून धान्य जमिनीतल्या पेवात नाहीतर भिंतीतल्या बळदात ठेवीत, आणि एखादा दागिना असला तर मडक्यात घालून चुलीजवळ पुरीत. माळवदाच्या घराला उजेडासाठी वर साणे असते. तिथूनही माणूस उतरतो. तुमच्या घराला साणे असेल तर त्यावर लोखंडी जाळी बसवा. नुसता दगड ठेवून भागत नाही. दगड उचलता येतो.

आता दाराकडे या. सुतारदादांनी दुसऱ्या दिवशी बाईंच्या दाराचे काम केले. आम्ही पाहायला गेलो. त्यांनी जुना कोयंडा काढला. चौकटीचा कुजका भाग तासून काढला आणि तिथे चांगल्या लाकडाचा तुकडा बसवला. मग कडी-कोयंड्याला स्क्रूऐवजी आरपार जाणारे बोल्ट घातले. बोल्टाचे गोल डोके बाहेर, नट घराच्या आत. बाहेरून पाना लावायला जागाच नाही. मग ते बिजागरीकडे वळले. दार बाहेर उघडणारे असले तर बिजागरी बाहेर राहते. तिची खीळ ठोकून काढली की कुलूप न उघडता दार उचलता येते. ते दार आत उघडणारे होते. ते म्हणाले, "हे बरं आहे."

सगळा खर्च नव्या कुलपापेक्षा थोडा जास्त झाला. बाई कुरकुरल्या. कुरकुरणे साहजिक आहे. उचल घेऊन जाणाऱ्याला प्रत्येक रुपया मोजावा लागतो. पण आमचे मत असे की हातात पाचशे रुपये असतील तर तीनशे चौकटीला आणि कोयंड्याला घालावेत, दोनशे कुलपाला.

कुलूप घेताना दुकानदार सांगतो, हे सहा लिव्हरचे, हे सात लिव्हरचे. म्हणजे काय? कुलपाच्या पोटात पितळेचे किंवा लोखंडाचे पातळ पत्ते असतात. किल्लीचे दात त्या पत्त्यांना उचलतात. प्रत्येक पत्ता अगदी ठरल्या उंचीवर आला तरच कुलूप उघडते. जितके पत्ते जास्त, तितके भलत्या किल्लीने उघडणे कठीण. उत्तर प्रदेशातले अलीगढ शहर कुलपांसाठी जुने नावाजलेले आहे. तुमच्या कुलपावर ते नाव असेलही, वाचून पाहा.

आणि किल्ली? किल्ली कोनाड्यात ठेवतात, तुळशीच्या कुंडीखाली ठेवतात, पत्र्याच्या वळचणीला खोचतात. ती जागा तुम्हाला सुचली, तशी चोरालाही सुचते. किल्ली माणसाच्या हाती द्यावी.

वर्गातल्या एका पोराने विचारले, "गुरुजी, शनिशिंगणापूरला तर दारंच नसतात म्हणे?"

खरे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या गावात घरांच्या चौकटींना फळ्या नसण्याची जुनी रीत आहे. शनिदेव राखण करतो अशी लोकांची श्रद्धा आहे. २०११ साली तिथे युको बँकेने शाखा काढली, तीही दाराला कुलूप न घालता. पण बँकेने काचेचे दार मात्र बसवले. सुतारदादा म्हणाले, "आपलं गाव शिंगणापूर नाही बाबा. आपण बोल्ट घालू."

आता जी गोष्ट सांगतो ती कुलपापेक्षा मोठी आहे. घर रिकामे आहे हे चोराला कसे कळते? तो कुलूप पाहून ओळखत नाही. कुलूप तर शेतावर जातानाही लावतात. तो अंगण पाहतो. सडा नाही, रांगोळी नाही. दारात पाचोळा साचलेला. तुळस वाळलेली. दोरीवर कपडा नाही. चार दिवस तेच दिसले की त्याला उत्तर मिळते. शहरात दारात वर्तमानपत्रे साचतात, त्यावरून कळते.

त्या गल्लीत एक आत्याबाई आहेत. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा आणि सून तोडीला जातात. आत्याबाई घरी. त्या सकाळी आपल्या दारात सडा घालतात आणि त्याच बादलीतून शेजारच्या तीन बंद दारांतही घालतात. एका दोरीवर जुने लुगडे वाळत टाकतात. दुसरे दिवशी दुसऱ्या दोरीवर. कोणी विचारले तर म्हणतात, "माझं काय जातं? पाणी तर शिंपायचंच असतं." पण चार अंगणे झाडणे हे सत्तरीच्या बाईचे काम नव्हे. तीन घरे परत येतात तेव्हा तिला काही देतात का, हे आम्ही विचारले. एक घर देते. दोन घरे विसरतात. हे आम्हाला बरे वाटले नाही, म्हणून इथे लिहिले.

आत्याबाईंची राखण कोण करणार? तोही विचार हवा. एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे चोर रात्रीच येतो असे नाही. भर दुपारी येतो आणि गोड बोलतो. "आजी, दागिने उजळून देतो." "आजी, सरकारी योजनेचे पैसे आलेत, अंगठा द्या." दागिना भांड्यात जातो तो परत येत नाही. दार उघडण्याआधी आतली साखळी लावलेली असावी. फटीतून बोलावे. नाव विचारावे, गाव विचारावे, आणि शेजारणीला मोठ्याने हाक मारावी. खरा माणूस थांबतो. मोबाइल असेल तर ११२ हा आकडा पाठ करावा. तो फिरवला की पोलिसांची मदत मागता येते. आत्याबाईंनी भिंतीवर खडूने ११२ असे लिहून ठेवले आहे. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते.

काही लोक चोराच्या भीतीने तारेच्या कुंपणात वीज सोडतात. हे कधीही करू नका. अंधारात चोर येईल की शेजाऱ्याचे पोर चेंडू शोधत येईल, हे तारेला कळत नाही. माणूस मेला तर गुन्हा तुमच्यावर.

भीतीने आणखी एक वाईट गोष्ट होते. पूर्वी गावाला वेस होती आणि वेशीवर राखणदार असे. अनोळखी माणूस आला तर तो विचारी, कोण, कुठला, कोणाकडे. विचारणे हे त्याचे काम होते. मारणे नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झाले ते आठवा. पोरे पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागत तिथे आली. त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली होती. लोकांनी त्यांना ठेचून मारले. ती चोर नव्हती. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. मनातला संशय अजून पुरता गेलेला नाही. तुमच्या गावात गस्त असेल तर हा धडा गस्तीच्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवा.

चोर खरोखरच हाती सापडला तर? त्याला धरून ठेवता येते. पण उगाच उशीर न करता, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. धरलेल्या माणसाला मारणे हा गुन्हाच आहे. पोलीस पाटलाला लगेच बोलवा.

आणि चोरी झालीच तर पोलीस ठाण्यात जा. तुम्ही तोंडी सांगता, ते लिहून घेतात. लिहिलेले तुम्हाला वाचून दाखवले पाहिजे. मग तुमची सही. एक प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात हे आहे. घर बीडला आणि तुम्ही कोल्हापूरला असाल तर कोल्हापूरच्या ठाण्यातही तक्रार देता येते.

वर्गातल्या त्या बाईंची एक जुनी हकीकत आहे. चार वर्षांपूर्वी त्यांची पोत गेली होती. ठाण्यात कागदावर लिहिले गेले, 'पिवळ्या धातूची माळ.' त्यांनी अंगठा दिला आणि परत आल्या. वजन लिहिले नाही, मणी किती ते लिहिले नाही. पुढे पोत सापडली असती तरी ती यांचीच, हे कशावरून सांगणार? बाई म्हणतात, "मला तेव्हा वाचता येत नव्हतं. आता कोणी द्यावा असा कागद, बघते."

त्यांनी गाडी निघायच्या आदल्या रात्री वहीत यादी लिहिली. आम्ही ती त्यांच्या परवानगीने खाली देतो.

पोत, सोन्याचे मणी २१, वाट्या २.
चांदीचे जोडवे, १ जोड.
पाण्याची मोटर, नंबर पाटीवरून उतरवला.
मोबाइल, १५ आकडी नंबर. (स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की तो दिसतो.)
शिवणयंत्र, डाव्या बाजूला रंग उडालेला.
रेशनकार्ड आणि आधारकार्ड, बरोबर नेले.
किल्ली, आत्याबाईंकडे.

अभ्यास

१. हे शब्द तीन वेळा लिहा: कडी, कोयंडा, चौकट, बिजागरी, अडसर.
२. आपल्या दाराच्या कोयंड्याला किती स्क्रू आहेत? घरी जाऊन मोजा. उद्या वर्गात सांगा.
३. आपल्या घरातल्या पाच वस्तूंची यादी करा. प्रत्येकीची एक खूण लिहा.
४. तुम्ही बाहेरगावी असता तेव्हा तुमचे अंगण कोण झाडते? त्यांचे नाव लिहा. परत येताना त्यांच्यासाठी काय आणाल, तेही लिहा.