अंगठा कोणाचा, सही कोणाची

आमच्यासारख्या घरांत पैशाचं बोलणं ‘किती साठवलं’ इथं सुरू होतं आणि तिथंच संपतं. दिव्यांग मुलांच्या आईबापांच्या बैठकीत कोणी ठेवीचा आकडा सांगतं, कोणी मुलाच्या नावावर घेतलेल्या गाळ्याचं सांगतं. ते पैसे उद्या सही करून काढणार कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. मला तो प्रश्न बँकेच्या काउंटरवर विचारला गेला, तोही अगदी नको त्या वेळी.

माझी लेक आता चौतिशीची आहे. तिला बौद्धिक अपंगत्व आहे. चहात साखर कमी पडली तर ठणकावून सांगेल, पण पन्नासची नोट आणि पाचशेची नोट तिला सारखीच. तिचे बाबा राज्य सरकारच्या नोकरीत होते. काटकसरी माणूस. बोनस, फरकाची रक्कम, जे हाती येईल ते तिच्या नावानं मुदत ठेवीत. पावतीवर तिचं नाव आणि खाली अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून त्यांचं. पावत्यांचं नूतनीकरण आपोआप होत राहिलं, ती अठराची झाली तरी कागदावर काही हललं नाही.

ते अचानक गेले. दिवसकार्य उरकल्यावर पावत्या घेऊन मी बँकेत गेले, लेक बरोबर होती. काउंटरवरच्या मुलानं संगणकात जन्मतारीख पाहिली. “काकू, या तर सज्ञान आहेत. यांची सही लागेल.” सही येत नाही म्हटल्यावर त्यानं शाईचा पॅड पुढं सरकवला. लेकीला गंमत वाटली. तिनं अंगठा आधी माझ्या पदरावर उमटवला, मग काउंटरच्या काचेवर. तेवढ्यात मॅनेजर उठून आले आणि त्यांनी पॅड बाजूला घेतला. “कशावर अंगठा देतोय हे त्यांना कळत नसेल, तर आम्हाला तो घेता येणार नाही. तुम्ही आई आहात हे दिसतंय. पण कायदेशीर पालक आहात का?”

तेव्हा संताप आला होता. आज वाटतं, मॅनेजरचं बरोबर होतं. जिथं माझ्यासमोर तिचा अंगठा चालला असता, तिथं माझ्यामागं कोणीही तिला नेऊन अंगठा उठवला असता.

मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या लेखी आईबापांचं पालकत्व संपतं, मुलाची समज कितीही असो. यावरचा उपाय १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. समितीचं प्रमाणपत्र दाखवून पालकाला मुलाचं खातं उघडता आणि चालवता येतं, तशा सूचना रिझर्व्ह बँकेनं २००७ सालीच बँकांना दिल्या आहेत. स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार मात्र या चारांत बसत नाही. त्या घरांना वकिलाचाच सल्ला घ्यावा लागेल.

अर्ज, दाखले, चौकशी, मग समितीची बैठक, यात महिने जातात. तोवर ठेवी जागच्या जागी आणि फॅमिली पेन्शनची फाईल टेबलावर. फिटच्या गोळ्या, दिवसभराच्या केंद्राची फी आणि लेकीला सांभाळायला येणाऱ्या मावशींचा पगार यांना काही महिने थांबा म्हणता येत नाही. आम्हाला तारलं ते आमच्या दोघांच्या जोड खात्यानं. दोघांपैकी कोणाच्याही सहीनं चालणारं होतं, म्हणून घरखर्च निघाला. माझं स्पष्ट मत आहे की निदान सहा महिन्यांचा खर्च अशा खात्यात असावा, मग व्याज दोन पैसे कमी मिळालं तरी चालेल.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे सुटलो असंही नाही. पालकानं सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि पुढं दरवर्षी हिशेब. मी लेकीचं खातं वेगळं ठेवलंय आणि एक वही घातलीय. केमिस्टचं बिल त्याच दिवशी त्याच वहीत चिकटवते. सुनेला ती वही कुठं असते हे माहीत आहे.

घराचं प्रकरण याहून अवघड. आमचा फ्लॅट यांच्या एकट्याच्या नावावर आणि मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा आणि मुलगी सारखे वारस. मुलगा म्हणाला, “आई, मी हक्कसोडपत्र करून देतो.” त्यानं दिलंही. पण लेकीला हक्क सोडण्याचा अर्थच कळत नाही, तर ती सोडणार कशी? आज घरात तिचा हिस्सा आहे, आणि असायलाच हवा. मात्र जिना झेपेना म्हणून फ्लॅट विकून तळमजल्यावर जागा घ्यायची म्हटलं, तर तेवढं सरळ राहिलेलं नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव होतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. दोन पानांचं मृत्युपत्र असतं तर हे टळलं असतं. मी माझं केलंय. लेकीच्या वाट्याचं थेट तिच्या हातात न देता तिच्यासाठीच्या खासगी ट्रस्टमध्ये जावं, अशी त्यात व्यवस्था आहे. मुलगा विश्वस्त आहे, आणि त्याच्याबरोबर घराबाहेरची एक व्यक्तीही. भावावर विश्वास नाही म्हणून नव्हे. त्याच्यावर एकट्यावर भार नको म्हणून.

फॅमिली पेन्शन मी आहे तोवर मला, आणि माझ्यानंतर लेकीला आयुष्यभर मिळू शकते, कारण तिला स्वतः कमावता येत नाही. त्यासाठी तिचं नाव आणि अपंगत्वाचा दाखला पेन्शनच्या कागदांत आपण हयात असतानाच गेलेला बरा. आपल्या पश्चात भावानं ट्रेझरीत जाऊन बहिणीचं अपंगत्व सिद्ध करत बसायचं, हे त्याच्यावर का लादायचं? खासगी नोकरीतल्यांनीही निराश होऊ नये. प्रॉव्हिडंट फंडाच्या १९९५च्या पेन्शन योजनेत पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची अट न लावता पेन्शन आहे.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झाली. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार असल्यानं पेन्शनरांच्या घरांना ती मिळत नाही, पण शेतमजुरी किंवा धुणीभांडी करणाऱ्या ज्या आयांना ती मिळू शकते त्यांनी सोडू नये. निरामय आरोग्य विमा मात्र नॅशनल ट्रस्ट कायद्यातल्या चार प्रकारच्या अपंगत्वांसाठी सगळ्यांना आहे. वैद्यकीय तपासणी नाही, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे. मार्चअखेर नूतनीकरण तेवढं विसरू नका.

आयकरात दिव्यांग अवलंबितासाठी ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट आहे, ७५ हजारांची; अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाखाची. खर्च किती केला याच्याशी तिचा संबंध नाही. पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत जाण्याआधी दोन्हीकडचा हिशेब मांडून बघा. दिव्यांग मुलानं स्वतःच्या व्याजावर स्वतःची वजावट घेतली, तर आईबापांना ही घेता येत नाही.

एक विमा एजंट आमच्याकडे चार वर्षं येत होता. लेकीच्या नावानं पॉलिसी काढा म्हणायचा. विमा कमावत्याच्या आयुष्याचा उतरवायचा असतो. तिला काही झालं तर पैसे घेऊन मी काय करू? पोह्यांच्या तीनचार बशा संपवल्यावर त्यानं यायचं सोडलं.

माझ्यानंतर पालकत्वासाठी मुलाला नव्यानं अर्ज करावा लागेल. त्याची कागदपत्रं, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राची प्रत आणि लेकीच्या औषधांचा तक्ता एका फायलीत लावून ठेवलाय. हे बोलणं त्याच्याशी आणि सुनेशी एकत्र बसून केलं, सणावाराला नव्हे, साध्या रविवारी. सून म्हणाली, “आई, सकाळी त्यांना आधी दूध की आधी गोळी, तेही लिहा.” ते लिहिलं.

तुमचं मूल सतराचं असेल, तर लगेच जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा: स्थानिक स्तर समितीची बैठक कधी असते आणि अर्जाला काय काय जोडायचं. अठरा उलटून गेलं असेल तरीही जा. आणि जाताना नवराबायको दोघंही जा.