न्यायालयाच्या फाटकावर कुणाचा किती अधिकार?

माझ्या मावशीचा वाटणीचा दावा न्यायाधीशांसमोर जाण्याआधी न्यायालयाच्या फाटकावरच अडला. सुरक्षा कर्मचारी म्हणाला, "समन्स दाखवा, नाहीतर आत सोडता येणार नाही." मावशी वादी. समन्स प्रतिवादीला निघतं. ज्याने दावा लावला त्याच्याकडे ते असणार कुठून? तिने तसं सांगितलं, तर उत्तर आलं, "आजी, वाद घालाल तर कंटेम्प्ट लागेल." ती घाबरली आणि बाहेरच बसून राहिली. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेले. पुकारा झाला, प्रतिवादी हजर, वादी गैरहजर. दावा काढून टाकला गेला.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ प्रमाणे असा दावा पुन्हा बोर्डावर घेता येतो. पण अर्ज ३० दिवसांत करावा लागतो आणि गैरहजेरीचं पुरेसं कारण पटवून द्यावं लागतं. आम्ही ते केलं, दावा पुन्हा सुरू झाला. मधला वेळ आणि मावशीची झोप मात्र गेली ती गेलीच.

फाटकावर तपासणी नको, असं मी कधीच म्हणणार नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जमावाने आरोपी अक्कू यादवला कोर्टरूममध्येच ठार केलं. २४ सप्टेंबर २०२१ला दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात वकिलांच्या वेशात आलेल्या दोघांनी एका कच्च्या कैद्यावर भर कोर्टात गोळ्या झाडल्या. त्यानंतर ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांच्या सुरक्षेसाठी सविस्तर निर्देश दिले. तेव्हा पिशवी उघडायला सांगणं, यंत्रातून जायला लावणं, कामाचं स्वरूप विचारणं, मोबाइल बाहेर ठेवायला लावणं, या गोष्टी निमूटपणे कराव्यात. तिथे आत बसलेल्या प्रत्येकाचा जीव गुंतलेला असतो.

प्रश्न त्यापुढचा आहे: तपासणी करणाऱ्याचा अधिकार कुठे संपतो? इंग्लंड-वेल्समध्ये २००३च्या न्यायालयविषयक कायद्यात न्यायालयातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांचे अधिकार कलमवार लिहिलेत. कोट, जॅकेट, डोक्यावरचं, हातमोजे आणि पायताण यापलीकडे काही उतरवायला सांगता येत नाही, इतकं स्पष्ट. आपल्याकडे सामान्य पक्षकाराला हे वेगवेगळ्या कायद्यांतून आणि न्यायालयांच्या आदेशांतून गोळा करावं लागतं.

सगळ्यात आधी अवमानाची, म्हणजे कंटेम्प्टची धमकी, कारण माणूस तिलाच सर्वांत जास्त घाबरतो. न्यायाधीशांसमोर कुणी गोंधळ घातला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८४ प्रमाणे ते त्याला ताब्यात घ्यायला लावू शकतात आणि कोर्ट उठण्यापूर्वी म्हणणं ऐकून हजार रुपयांपर्यंत दंड करू शकतात. हा अधिकार न्यायासनाचा. फाटकावरचा माणूस पोलीस असो वा खासगी एजन्सीचा, अवमान ठरवणं त्याच्या हातात नाही. तसंच कोर्टरूममध्ये कोण बसेल हेही न्यायाधीश ठरवतात. न्यायालय खुलं असतं हा नियम, आणि एखाद्याला बाहेर ठेवायचं तर तसा आदेश पीठासीन अधिकारी देतात. बलात्काराचे खटले किंवा कुटुंब न्यायालयातली काही प्रकरणं बंद दाराआड चालतात. तिथे नातेवाइकांना बाहेर थांबवलं तर रागावू नये.

अटकेचंही तसंच. पोलिसाला अटकेचे अधिकार आहेत. खासगी सुरक्षारक्षकाला मात्र तुम्हाआम्हाला आहेत तेवढेच: डोळ्यांसमोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा घडला तर धरायचं आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवायचं. म्हणून समोरचा कोण आहे ते गणवेश आणि नावाच्या पट्टीवरून आधी पाहून घ्या.

बाईची अंगझडती बाईनेच, सभ्यता पाळून घ्यायची, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९मध्ये अटक झालेल्या स्त्रीबद्दल सांगितलं आहे. आरोपी स्त्रीला जो मान आहे तो तारखेला आलेल्या पक्षकार स्त्रीला नाही, असं कसं चालेल? "महिला कर्मचारी बोलवा, मी थांबते," एवढं शांतपणे म्हणा. तो तुमचा हक्कच आहे.

काही झालं तरी हात लावू नका, ढकलू नका. कर्तव्यावरच्या लोकसेवकावर बळाचा वापर म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. जुन्या दंडसंहितेच्या भाषेत "३५३". दोन वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा अजामीनपात्र. वाटणीचं भांडण बाजूला राहून नवा खटला मागे लागतो.

आता व्यवहाराचं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर केसचा सीएनआर क्रमांक टाकून पुढची तारीख दिसते तो कागद छापून घ्या. फोन बाहेर ठेवावा लागला तर स्क्रीन कामाला येत नाही. आधारकार्ड बरोबर ठेवा. वकिलाचा नंबर कागदावर लिहून ठेवा. अडवलं की पहिला फोन त्यांना, म्हणजे "पक्षकार फाटकावर थांबलेत" असं ते किंवा त्यांचे सहकारी कोर्टाला सांगू शकतील आणि पुकारा थोडा पुढे ढकलता येईल. वकील भेटेना तर प्रबंधकांच्या कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात निरोप पाठवा. प्राधिकरणाची मोफत मदत स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मिळते.

आणि तारीख हुकलीच, तर त्याच दिवशी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावे लेखी अर्ज द्या: वेळ, फाटक, कर्मचाऱ्याचं नाव, तो नेमकं काय म्हणाला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. दावा पुन्हा बोर्डावर आणताना तोच कागद पुरावा म्हणून लावता येतो. घरातलं वयस्कर माणूस एकटं तारखेला जाणार असेल, तर हे सगळं आदल्या रात्री त्याच्याजवळ बसून समजावून सांगा.