मृगाआधी चपलांचं बघ

कोल्हापूर, २६ मे

चि. बाळ्यास,


ताईचा फोन आला होता. रत्नागिरीत तुला समुद्राच्या अंगाला खोली मिळाली म्हणून ती खुशीत होती. मला मात्र आधी तुझ्या चपला आठवल्या. हसू नकोस. रोहिणी लागलीय, मृगाला पंधरवडाही उरला नाही. तुझ्याकडे मी दिलेली कोल्हापुरी आहे, ताईनं घेतलेले काळे बूट आहेत आणि ट्रेकचे ते जाडजूड बूट. ऑक्टोबरपर्यंत या तिन्हींचं तुला काम नाही. म्हणून तू ते खोक्यात कोंबून पलंगाखाली सरकवशील, हे मी पैजेवर सांगतो.

बुरशीला हवेत सत्तर टक्के दमटपणा मिळाला की पुरतं. कोकणात जुलैत तो ऐंशीच्या वरच असतो. पण नुसत्या ओलीवर ती वाढत नाही, तिला खायलाही लागतं, आणि ते आपणच पुरवतो: घाम, माती, पायाचा मळ. बूट उघडून बघितलास तर पहिला हिरवट-करडा मखमली थर दिसेल तो शिवणीत आणि आत बोटांच्या जागी. म्हणून ठेवायच्या आधी नाड्या काढ, जीभ बाहेर ओढ, ओल्या फडक्यानं आतूनबाहेरून पूस. मग दोन दिवस सावलीत, वाऱ्याला. उन्हात नको, चामडं तडकतं. पॉलिशचा हात पातळ दे. आत कागदाचे बोळे भर आणि ते पंधरा दिवसांनी बदल. ओल प्यायलेला बोळा तसाच राहिला तर तोच बुटाला ओल देत बसतो.

कोल्हापुरीचं जरा वेगळं. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, वर रसायनाचा मुलामा नाही, शिवण चामड्याच्याच वादीची. त्यामुळे ती पाणी थेट पिते. तळ फुगतो, वादी सैल पडते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. कागदावर मान मिळाला, पण पावसात घातलीस तर तो कागद काही तिला वाचवणार नाही. एरंडेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पट्ट्याला, कानांना नुसते पुसून घे. थबथबून तेल लावणारे लोक मी पाहिलेत. त्यावर धूळ बसते आणि बुरशीची पंगत होते.

ठेवायचं ते जुन्या उशीच्या अभ्र्यात. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, आतली ओल आतच कोंडते. बाहेरच्या भिंतीला लागून किंवा न्हाणीघराच्या बाजूलाही नको. वरचा कप्पा बरा. सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यातच कामाच्या. उघड्या फडताळात त्या टाकणं म्हणजे अंगणात कूलर लावणं. एवढं करूनही बुरशी आलीच तर खोलीत झटकू नकोस. गॅलरीत, नाकाला रुमाल बांधून ब्रशनं काढ, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पूस. आधी कोपऱ्यात लावून रंग उतरत नाही ना, ते बघ.

आता ट्रेकचे बूट. त्यांच्याबाबत मी स्वतः तोंडघशी पडलोय. चांगले महागाचे घेतले, दोनदा घातले आणि जिवापाड जपायचे म्हणून पाच वर्षं माळ्यावर ठेवले. मग एका नोव्हेंबरात राजगडला गेलो. गुंजवण्यातून चोर दरवाज्याच्या वाटेला लागलो आणि निम्म्यात डाव्या पायाचा तळ शिळ्या भाकरीसारखा भुगा होऊन पडला. थोड्या वेळानं उजवाही. नाड्यांनी तळ पायाला बांधून खाली उतरलो. सोबतची पोरं अजून तो किस्सा सांगतात. पुढं कळलं, त्या फेसाळ तळाचं पॉलियुरेथेन हवेतली वाफ शोषून आतल्या आत तुटत जातं. बूट घाला की न घाला, वय होतंच; नुसते ठेवलेले तर चालत्या बुटांच्या आधी जातात. तेव्हा हे अभ्र्यात घालून विसरू नकोस. पावसाची उघडीप मिळाली की तासभर घालून फिरून ये. अंगठ्यानं तळ दाबून बघ. चिकट लागला, भेग दिसली, तर गडावर न्यायचे नाहीत.

पावसाळी रबरी चपलांचं तुला काय सांगायचं? दसऱ्याला धुऊन कोरड्या करून ठेव, झालं.

कोल्हापुरीच्या उजव्या पायाची वादी उसवलीय म्हणत होतास. रविवारी येतोयस ना, तेव्हा ती घेऊन ये. आपल्या नेहमीच्या कारागिराकडे टाकू, पाऊस सुरू झाला की तो नवीन शिवण घेत नाही. आणि येताना पिशवीत तळाशी दाबून आणू नकोस.

तुझा,
मामा