वीज गेली आणि दार उघडलं : कुलूप बिघडलं का?

प्रश्न : कळंबला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. पुढे दुकान, मागे गोदाम. मधल्या दाराला अंगठ्याचं मशीन आणि चुंबकाचं कुलूप बसवून घेतलं. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, रात्रभर लाइट नव्हती. सकाळी पाहतो तर दार नुसतं ढकललं तरी उघडत होतं. आत ऐन पेरणीच्या तोंडावरचं बियाणं भरलेलं. वीज गेल्यावर उघडणारं कुलूप मुळात कुणी बनवतं का?
– एक वाचक, कळंब

उत्तर : बनवतात, आणि मुद्दाम तसंच बनवतात. तुमचं कुलूप बिघडलेलं नाही.

दाराच्या चौकटीवर जी लांबट पट्टी दिसते, ती विद्युतचुंबक असते. दारावर असते साधी लोखंडी पाटी. आतल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहते तोवर पट्टी पाटीला धरून ठेवते. नेहमीच्या दुकानी कुलपाची पकड ६०० पौंडांची, म्हणजे सुमारे २७० किलोची असते. माणसाने नुसतं ओढून ते दार उघडत नाही. मात्र या कुलपात खिट्टी नाही की बोल्ट नाही. वीज थांबली की चुंबकत्व संपतं आणि दार मोकळं होतं. या प्रकाराला ‘फेल सेफ’ म्हणतात.

असं का केलं, याचं उत्तर आगीत आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ‘ट्रँगल’ कपडा कारखान्याला आग लागली. कामगार माल चोरून नेतील या धास्तीने जिन्याकडचं एक दार कुलूपबंद ठेवलं होतं. १४६ जीव गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. आग लागली की वीज बहुधा जातेच. अशा वेळी दार बंदच राहिलं, तर आतला माणूस अडकतो. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही बाहेर पडण्याचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, असा दंडक आहे. तुमच्या गोदामात कीटकनाशकं असतील, तर धूर झाल्यावर बाहेर पडायला मिनिटंही पुरी मिळणार नाहीत.

मग मालाचं काय? त्याचे तीन उपाय आहेत.

पहिला, बॅटरी. असं कुलूप १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर वीज घेतं. ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १४ तास पुरते. अंगठ्याच्या मशीनचा खप आणि बॅटरीचं वय धरलं तर आठ-दहा तासच धरून चाला, जुनी बॅटरी त्याहून कमी. तुमच्याकडे रात्रभर लाइट नव्हती, म्हणजे एकतर बॅटरी बसवलेलीच नाही किंवा ती थकली आहे.

दुसरा, कुलपाचा प्रकार बदलणं. ‘फेल सिक्युअर’ कुलपात खिट्टी असते. वीज गेली की ते बाहेरून बंदच राहतं, पण आतून मूठ फिरवली की उघडतं. रोकड किंवा महागडा माल ठेवण्याच्या खोलीला हेच योग्य. आतली मूठ मात्र कधीही विजेवर अवलंबून नको.

तिसरा उपाय सगळ्यांत स्वस्त. रात्री आत कुणी नाही याची खात्री करून शटर ओढायचं आणि नेहमीचं किल्लीचं कुलूप लावायचं. दिवसभर कोण आलं, कोण गेलं याची नोंद चुंबकाचं कुलूप आणि मशीन ठेवतात. रात्रीची राखण लोखंडाच्या कुलपावरच सोपवावी.

आणखी एक गोष्ट तपासा. स्वस्तातल्या जोडणीत कुलूप सोडण्याचा स्विच बाहेरच्या अंगठा मशीनमध्येच असतो. कुणी ते मशीन भिंतीवरून उखडलं, तर मागच्या वायरी त्याच्या हाती लागतात आणि त्याला अंगठ्याची गरजच उरत नाही. नळदुर्ग-परांड्यासारख्या भुईकोट किल्ल्यांच्या दरवाजांना अडसर आतून घालत, तोच नियम इथे लागू पडतो. बाहेर फक्त अंगठा वाचणारा भाग असावा आणि दार सोडायचं की नाही हे ठरवणारा कंट्रोलर आतल्या खोलीत असावा. आतलं बाहेर पडण्याचं बटणही थेट चुंबकाची वायर तोडणारं असावं. ते कंट्रोलरमार्फत चालत असेल आणि कंट्रोलर अडकला, तर तेही कामाचं राहत नाही.

बसवणाऱ्याला बोलावून त्याच्यासमोर मेन स्विच बंद करा. बॅटरीवर कुलूप किती तास धरतं ते घड्याळ लावून पाहा. मग बॅटरीवरच ते चालू असताना एका कामगाराला आत उभं करा आणि अंगठा न लावता त्याला बाहेर यायला सांगा. तो सहज बाहेर आला नाही, तर बियाण्याची चिंता नंतर करा. ती जोडणी आजच बदलून घ्या.