सौर संच बसवला आणि रिमोट अडला : दोष कसा शोधावा?

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरले. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या वायरमन बांधवांपुढे त्यामुळे नवे काम आले. कामाबरोबर एक नवी तक्रारही येते : "संच बसल्यापासून फाटकाचा रिमोट दुपारी चालत नाही, रात्री मात्र चालतो." अशा वेळी रिमोट बदलून देऊन पदरचे पैसे घालवू नका. आधी दोष ओळखा.

कारण : इन्व्हर्टर विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. त्यातून रेडिओलहरींचा गोंगाट निर्माण होतो. पॅनेलपासून आलेल्या लांब तारा एरियलसारखे काम करून तो घरभर पसरवतात. स्वस्त रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांचा रिसीव्हर इन्व्हर्टरजवळ असला तर गोंगाटात संदेश बुडतो. म्हणून बटण जवळून दाबल्यास काम होते, लांबून होत नाही. वाय-फाय आणि झिग्बीची उपकरणे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तिथवर हा गोंगाट सहसा क्षीण होतो. तेथे अडथळा बहुधा इन्व्हर्टरच्या वाय-फाय डोंगलचा किंवा मध्ये आलेल्या लोखंडी पत्र्याचा असतो.

तपासणी : सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर घ्या. परभणी आकाशवाणी वर्षानुवर्षे ज्या १३०५ किलोहर्ट्झवर ऐकली गेली, त्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात स्टेशन नसलेली जागा लावा. इन्व्हर्टरकडे जाताना खरखर वाढते का, ते ऐका. मग इन्व्हर्टर बंद करा : आधी एसी स्विच, नंतर डीसी आयसोलेटर. खरखर थांबली आणि रिमोटही चालू लागला, तर दोष संचाचा. थांबली नाही, तर एलईडी दिवा, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर एकेक बंद करून पाहा. चालू संचाचा डीसी जोड कधीही ओढू नका. तेथे शेकडो व्होल्ट असू शकतात आणि ठिणगी विझत नाही.

उपाय :
१. धन आणि ऋण तारा शेजारी-शेजारी, शक्य तर पीळ देऊन न्या. त्यांच्यामध्ये मोठा फेरा राहू देऊ नका.
२. इन्व्हर्टरजवळ फेराइटची रिंग बसवा. दोन्ही तारा एकाच दिशेने त्याच रिंगमधून न्या. एकच तार ओवली तर डीसी प्रवाहाने रिंग संपृक्त होऊन निकामी ठरते. तीन फेरे दिल्यास परिणाम सुमारे नऊपट होतो. एसीच्या बाजूलाही अशीच रिंग लावा.
३. अर्थिंग तपासा. रिसीव्हर इन्व्हर्टरपासून निदान दोन-तीन मीटर दूर हलवा.
४. वाय-फायचा चॅनेल १ ठेवून झिग्बीचा २५ करून पाहा.

माल घेतानाच विक्रेत्याकडे सीआयएसपीआर ११, वर्ग बी चाचणीचा दाखला मागा. हा वर्ग घरगुती वापरासाठी आहे. दोष इन्व्हर्टरमध्येच निघाला तर तो वॉरंटीत बदलून मागा. स्वतः उघडलात तर वॉरंटी जाईल.

तपासणीच्या नोंदी वहीत लिहून ग्राहकाला दाखवा. दोष कोणाचा हे कागदावर दिसले की भांडण उरत नाही, आणि पुढचे काम त्याच गल्लीतून मिळते.