घरी परतल्यानंतरचे अठरा महिने

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर आणि तेथील खारपाणपट्टा. जमीन व पाणी यांत कितीही अंतर असो, मृगाचा पाऊस पडून पुढे दडी मारली म्हणजे दुबार पेरणीची चिंता दोहींकडे सारखीच येते. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणाही होता. 'आत्महत्याग्रस्त' हे विशेषण जिल्ह्याच्या नावाला तेव्हापासून चिकटले ते चिकटलेच.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर शासनदरबारी प्रकरण तयार होते. सातबारा कोणाच्या नावे, कर्ज कोणाचे, हे पाहून ते पात्र वा अपात्र ठरते. जो मरता मरता वाचला, त्याचे मात्र असे कोणतेही प्रकरण होत नाही. तो औषधांची पिशवी घेऊन एस.टी.ने गावी परततो आणि नोंदीतून नाहीसा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक आत्महत्येमागे वीसहून अधिक प्रयत्न होतात आणि पूर्वी केलेला प्रयत्न हा पुढील धोक्याचा सर्वांत ठळक संकेत असतो. म्हणजे ज्याच्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावयास हवे, तोच आपल्या दृष्टीआड जातो. प्रस्तुत लेख त्याच्याविषयी आणि तिच्याविषयी आहे. 'तिच्याविषयी' असे मुद्दाम म्हणावे लागते, कारण ज्या घरधनिणीच्या नावे सातबारा नसतो, तिचे दुःख 'शेतकरी' या शब्दातही बसत नाही.

रुग्णालयात वारंवार आढळणारी गोष्ट अशी, की नातेवाईक प्रथम "चुकून पोटात गेले" असेच सांगतात. यामागे पोलिसांची भीती असते. अशा प्रसंगी रुग्णालय पोलिसांना कळविते आणि पोलीस जबाबही घेतात, हे खरे. तथापि, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरावयाचे असून, तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. पुढे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंड संहितेतील जुने कलम ३०९ ठेवलेलेच नाही. खरे कारण दडविल्याने उपचाराची दिशा मात्र चुकते.

दुसरी चूक गावातच होते. मीठपाणी पाजून उलटी करविण्याचा प्रकार अद्याप सर्रास चालतो. त्याने द्रव फुप्फुसांत जाऊन अपाय वाढतो. असे काहीही न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, भिजलेले कपडे काढावेत, अंग धुवावे आणि डबा वा बाटली डॉक्टरांना दाखविण्यासाठी सोबत आणावी. रुग्ण बोलू लागला म्हणून दुसऱ्याच दिवशी सुटीचा हट्ट धरू नये. विषबाधेच्या काही प्रकारांत सुधारणा दिसल्यावरही दुसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत श्वासाचा त्रास उद्भवू शकतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधील काम्पिनास, इराणमधील कराज आणि चीनमधील युनचेंग अशा पाच ठिकाणी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ व्यक्तींचा अभ्यास केला. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटातील प्रत्येकाशी त्याखेरीज रुग्णालयातून निघताना सुमारे तासभर बोलणे झाले आणि पुढे अठरा महिन्यांत नऊ वेळा, भेटून वा दूरध्वनीवरून, विचारपूस झाली. अठरा महिन्यांअखेर आत्महत्येने झालेले मृत्यू पहिल्या गटात २.२ टक्के, तर दुसऱ्यात ०.२ टक्के होते. यात नवे औषध नव्हते की महागडे यंत्र नव्हते.

त्या नऊ भेटींचे वेळापत्रक आपल्या शेतीच्या वर्षावर ठेवून पाहावे. संपर्क पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, नंतर चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात करावयाचा असतो. जुलैच्या मध्यास घरी गेलेल्या रुग्णाचा अकरावा आठवडा सोयाबीन काढणीच्या सुमारास येतो, चौथा महिना कापूस वेचणीत, आणि बारावा महिना पुन्हा पेरणीवर, म्हणजे जेथून सारे सुरू झाले त्याच ऋतूत. पहिले तीन महिने भेटी दाट का, हे निराळे सांगावयास नको. पाहुणे पांगतात, शेजाऱ्यांची कुजबुज मात्र चालूच असते.

हे काम मनोविकारतज्ज्ञानेच केले पाहिजे असे नाही. वऱ्हाडातीलच अमरावती जिल्ह्यात ३० गावांत राबविलेल्या 'विश्राम' प्रकल्पात प्रशिक्षित ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी गावोगाव बोलणे सुरू केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार, नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि मागील वर्षात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. शासनाने २०१५ मध्ये ज्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प हाती घेतला, त्यांत बुलढाणाही होता. घरोघरी जाऊन विचारपूस करण्याचे काम आशाताईंकडे सोपविले गेले.

भेटीत काय बोलावे, ही अडचण बहुतेकांना वाटते. उपदेश टाळावा; "लेकराबाळांकडे बघून तरी" हे वाक्य ऐकून ऐकून रुग्ण थकलेला असतो. झोप, जेवण, दारू आणि तगादा यांविषयी विचारावे. मग सरळ विचारावे, "भाऊ, जीव द्यावा असे अजून मनात येते का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत निराधार आहे, विचारल्याने बहुधा मन हलके होते. उत्तर 'हो' आले, तर त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, फवारणीची औषधे तिच्या हाती लागणार नाहीत अशी घराबाहेर हलवावीत आणि तिला स्वतःसोबत रुग्णालयात आणावे. रात्री-अपरात्री 'टेलिमानस'च्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते. उत्तर 'नाही' आले, तरी पुढील भेटीची तारीख त्याच्यासमोरच वहीत लिहावी आणि त्या दिवशी जावे.