गंगाखेडची जनी आणि व्हिटबीचा गुराखी



इंग्रजीचा तास म्हटला की राणीसावरगावसारख्या गावातली बरीच मुले मान खाली घालून बसतात. सरांनी उभे केले तर काय, ही धास्ती! त्यातून कुणी मध्ययुगीन इंग्रजी साहित्याचे नाव काढले तर विचारायलाच नको. तरीही आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आज आम्ही हाच विषय घेत आहोत. कारण ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे असा इंग्रजीतला सर्वांत जुना कवी हा स्वतःची पाळी आली की उठून जाणारा माणूस होता.

त्याचे नाव कॅडमन. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी येथे एक मठ होता. इ.स. ६५७ पासून ६८० मध्ये मरण येईपर्यंत संत हिल्डा त्याच्या प्रमुख होत्या. कॅडमन तिथे गुरे राखी. जेवणावळीत वीणेसारखे एक वाद्य हातोहात फिरे आणि ज्याच्या हाती येई त्याने गायचे, अशी रीत होती. कॅडमनला एकही गाणे येत नसे. वाद्य जवळ येताना दिसले की तो उठून घरची वाट धरी. एका रात्री तो असाच उठला आणि गोठ्यात राखणीला जाऊन झोपला. स्वप्नात कुणीतरी त्याला नावाने हाक मारून गायला सांगितले. मला येत नाही, म्हणूनच तर मी निघून आलो, असे तो म्हणाला. तरीही सृष्टीच्या आरंभाविषयी गा, अशी आज्ञा झाली आणि तो गायला. सकाळी त्याला हिल्डांसमोर नेले. विद्वानांनी त्याची परीक्षा घेतली आणि पुढे त्याला मठात बंधू म्हणून घेतले. त्याला वाचता येत नव्हते. इतरांनी पवित्र शास्त्रातला भाग ऐकवायचा, आणि गाय रवंथ करते तसा तो मनात घोळवून त्याने त्याचे काव्य करायचे.

ही हकिकत संत बीड यांनी ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात लिहून ठेवली आहे. (आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याशी या नावाचा काही संबंध नाही!) कॅडमनच्या म्हणून खात्रीने सांगता येतील अशा फक्त नऊ ओळी आज उरल्या आहेत. ते इंग्रजी आज लंडनच्या मुलालाही शिकवल्याशिवाय कळत नाही. तेव्हा तिथे आपण आणि तो एकाच बाकावर! ओळीच्या शेवटी यमक नाही. प्रत्येक ओळीचे दोन तुकडे, आणि शब्दांच्या सुरुवातीचा सारखा आवाज ते दोन तुकडे बांधतो. आपली ओवी शेवटच्या अक्षराने बांधलेली असते, त्यांची कविता पहिल्या आवाजाने.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. गोदाकाठच्या गंगाखेडला जन्मलेल्या संत जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी होत्या. दळणकांडण करता करता त्यांनी अभंग रचले. तीनशेहून अधिक अभंग त्यांच्या नावावर आहेत. कॅडमन आणि त्यांच्यात सहाशे वर्षांचे अंतर, धर्म वेगळा, भाषा वेगळी. पण शाळा दोघांनाही नव्हती, आणि पोटासाठी दुसऱ्याच्या घरी राबणे दोघांनाही होते. एक फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कॅडमनची गोष्ट त्याच्यानंतर साधारण पन्नास वर्षांत लिहिली गेली, पण गाणी हरवली. जनाबाईंची गाणी लोकांच्या तोंडी टिकली, पण आयुष्याविषयी दंतकथाच जास्त. काही अभंग मागाहून दुसऱ्यांनी रचून त्यांच्या नावावर घातले असावेत, असेही अभ्यासक म्हणतात.

जात्यावरून एक गंमत आठवली. 'लेडी' हा शब्द कॅडमनच्या काळच्या इंग्रजीतला. त्याचा मूळ अर्थ भाकरीचे पीठ मळणारी! आणि 'लॉर्ड' म्हणजे भाकरीचा राखणदार. त्यातला 'राखणदार' हा तुकडा, 'वेअर्द', कॅडमनच्या नऊ ओळींत देवासाठी आला आहे. दवाखान्यातला 'वॉर्ड' त्यातूनच निघाला, आणि वसतिगृहाचा 'वॉर्डन' त्याच कुळातला.

इंग्रजी साहित्याची सुरुवात बरेच जण चॉसरपासून करतात. तो १४०० मध्ये वारला. कँटरबरीच्या यात्रेला निघालेले लोक वाटेत एकमेकांना गोष्टी सांगतात, असे त्याचे अपुरे राहिलेले पुस्तक आहे. ज्यांनी पंढरीची दिंडी पाहिली त्यांना ते चटकन कळेल. पण पुस्तक मोठे आहे, ते अकरावीला घ्यावे. कॅडमनच्या नऊ ओळी एका फळ्यावर मावतात.

या आठवड्याचा अभ्यास असा. आजीला किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना जात्यावरची एक ओवी विचारा आणि ती म्हणतील तशीच उतरवून घ्या. यमक जिथे जुळते तिथे खूण करा. मग बायबलमधील उत्पत्तीचा पहिला अध्याय घरात कुणाकडून तरी वाचून घ्या, स्वतः वाचू नका, फक्त ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी आरंभाविषयी नऊ ओळी आपल्या घरच्या बोलीत लिहा आणि पुढच्या रविवारी घेऊन या. शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत.